स्प्रिंग तीच, पाटी ज्याची त्याची: प्रोजेक्टसाठी रोजच्या वापराची क्लिप घडवताना

दोरीवरचा प्लास्टिकचा चिमटा मोडतो तेव्हा नेमका कुठे मोडतो, ते आज घरी गेल्यावर बघा. बहुतेक वेळा स्प्रिंग बसते त्या मानेत. पेनच्या टोपणाची पट्टी टोपणाला जोडलेली असते तिथूनच तुटते. सॅकच्या बकलचे दात टोकाला शाबूत असतात, तडा जातो तो मुळाशी. वाकणारी वस्तू मुळाशी मोडते. क्लिपच्या प्रोजेक्टमधलं निम्मं इंजिनिअरिंग या एका वाक्यात आहे, आणि मुलं नेमकं तेच सोडून नाव कोरण्यात आणि रंग निवडण्यात महिना घालवतात.

मेकॅनिकलच्या डिप्लोमाच्या मुलांचे प्रोजेक्ट मी बरीच वर्षं बघतो आहे. एका वर्षी चौघांच्या गटाने फार देखण्या क्लिपा केल्या होत्या. प्रत्येकीवर वेगळं नाव, वेगळा रंग. प्रेझेंटेशनच्या दिवशी परीक्षकांनी एक क्लिप उचलली, स्वतःच्या खिशाला लावली, आणि ती तिथेच टचकन मोडली. दुसरी दिली, तीही मोडली. चुकीचं होतं ते फक्त एकच: क्लिपा थ्री-डी प्रिंटरच्या बेडवर, म्हणजे वस्तू जिच्यावर छापली जाते त्या सपाट तबकडीवर, उभ्या ठेवून छापल्या होत्या. चार महिन्यांची मेहनत त्या एका गोष्टीने गेली. मुलांचे चेहरे मला अजून आठवतात, म्हणून हा लेख जरा तपशिलात लिहितो आहे.

एक उदाहरण धरून चालू. सॅकच्या पट्ट्याला किंवा खिशाच्या काठाला अडकणारी क्लिप, खाली ओळखपत्र किंवा किल्ल्यांसाठी कडी, आणि पुढे सरकवून बदलता येणारी छोटी पाटी. प्लास्टिकची, थ्री-डी प्रिंटरवर छापलेली. कॉलेजच्या लॅबमध्ये प्रिंटर नसेल तर जवळपास फॅब लॅब, म्हणजे अशी यंत्रं वापरून वस्तू बनवता येणारी कार्यशाळा, आहे का ते बघा. पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब आहे, जगातल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी ती एक.

आधी घरातल्या क्लिपा गोळा करा

कागदावर रेघ मारण्याआधी दहा-बारा क्लिपा टेबलावर मांडा. चिमटा, बाइंडर क्लिप, पेनचं टोपण, केसांची टिकटिक क्लिप, सेफ्टी पिन, परीक्षेच्या पॅडचा चाप. प्रत्येकीला एकच प्रश्न विचारा: हिच्यात स्प्रिंग कुठे आहे?

चिमट्यात स्प्रिंग वेगळी, तारेची. प्लास्टिकने फक्त तिला धरून ठेवायचं. बाइंडर क्लिपमध्ये काळा पत्रा हीच स्प्रिंग, आणि तारेचे कान हे उघडण्यापुरते; काम झालं की ते दुमडून कागदाला चिकटतात. अमेरिकेत लुई बाल्ट्झली याने काढलेल्या या क्लिपेला १९१५ मध्ये पेटंट मिळालं आणि शंभर वर्षांनंतरही तिचा आकार जवळपास तोच आहे. टिकटिक क्लिपेचा पत्रा दोनच अवस्थांत सुखी असतो, उघडा किंवा बंद. पेनच्या टोपणात मात्र वेगळी स्प्रिंग नाही. प्लास्टिकची पट्टी स्वतःच वाकते आणि परत येते.

आपली क्लिप या शेवटच्या जातीची. एका टोकाला घट्ट धरलेली, दुसऱ्या टोकाला मोकळी पट्टी, म्हणजे दुसऱ्या वर्षात शिकलेली कॅन्टिलिव्हर बीम. ते सूत्र आता पहिल्यांदा खरं काम करणार आहे.

मोजमाप: माणसं आधी, क्लिप नंतर

व्हर्निअर कॅलिपर घेऊन वर्गात फिरा. निदान वीस जणांचे खिसे, पट्टे, पर्सचे बंद मोजा आणि वहीत लिहा. तुमचे आकडे तुमचेच असतील, पण साधारण चित्र असं निघतं: शर्टाच्या खिशाचा काठ ०.८ ते १ मिमी, जीन्सच्या खिशाची शिवण अडीच-तीन मिमी, सॅकचा खालचा विणलेला पट्टा २५ मिमी रुंद आणि दीड मिमीच्या आसपास जाड. खांद्यावरचा फोम भरलेला पट्टा एक सेंटिमीटरच्या पुढे जातो. त्याच्या नादी लागू नका, ती क्लिपच वेगळी.

व्हर्निअरने कापड मोजताना जबडे दाबू नका. दाबलं की दीड मिमीचा पट्टा एक मिमी दाखवतो. नुसते टेकवा, आणि एकाच जागी तीनदा मोजा.

इथे एक गोष्ट मुलांच्या गटांकडून हमखास निसटते. वर्गातल्या अर्ध्या मुलींच्या कुर्त्याला खिसाच नसतो. खिशाला लागणारी क्लिप म्हणजे सगळ्यांना लागणारी क्लिप, असं गृहीत धरलं की कितीतरी वापरणारे आधीच गळाले. त्यांच्यासाठी जागा म्हणजे पर्सचा बंद, ओढणीचा काठ, नाहीतर सॅक. ओढणीला लावायची असेल तर क्लिपेच्या आतल्या कडा किती गुळगुळीत हव्यात, हे तेव्हाच कळतं. आईची किंवा आजीची जुनी साडी मागून घ्या आणि छापलेली क्लिप तिच्यावरून ओढून बघा. एकही धागा निघाला तर कड पुन्हा घासायची.

मोजमाप झालं की गरज एका वाक्यात लिहून काढा, आकड्यांसकट. उदाहरणार्थ: «ही क्लिप ०.८ ते २.८ मिमी जाडीच्या कापडावर बसेल, शंभर ग्रॅमचा किल्ल्यांचा जुडगा धावताना सुटू देणार नाही, एका हाताने लागेल.» असं वाक्य नसेल तर शेवटी चाचणी कशाची करणार?

आकृती: सगळी क्लिप एकाच स्केचमध्ये

क्लिप बाजूने बघा. इंग्रजी यू अक्षर आडवं पाडल्यासारखा आकार. पुढचा भाग जाड आणि कडक, ५ मिमी. त्यात पाटीची खाच. मागचा हात बारीक आणि वाकणारा. दोघांना जोडणारं गोल वळण म्हणजे मूळ. मागच्या हाताच्या टोकाला आत वळलेली छोटी चोच, तीच कापड धरते. चोचीच्या पुढे टोक थोडं बाहेर फाकलेलं, म्हणजे कापड आपोआप आत शिरतं. पुढच्या भागाच्या खालच्या टोकाला कडीचं भोक.

आता बघा, हे सगळं एकाच सपाट आकृतीत मावतं. वळण, चोच, खाच, भोक, सगळं बाजूच्या दृश्यात. ती आकृती काढायची आणि १५ मिमी उंच करायची, झाली क्लिप. खाच क्लिपेच्या लांबीच्या दिशेने न नेता आडवी, रुंदीच्या दिशेने न्या; पाटी बाजूने आत सरकेल आणि खाचेचा आकारही त्याच आकृतीत येईल. असं केलं की छापताना सपोर्ट (अधांतरी भागाखालचे तात्पुरते टेकू) लागत नाहीत, आणि मुख्य म्हणजे क्लिप आडवी छापता येते. त्याचं महत्त्व पुढे सांगतो.

वळणाची आतली गोलाई सढळ ठेवा. २ मिमी त्रिज्या घेतली तर मुळाशी दोन हातांत ४ मिमी जागा राहते, जीन्सची जाड शिवण तिथे आरामात बसते. आतला कोपरा टोकदार ठेवलात तर सगळा भार त्या एका रेषेवर येतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. हाताच्या जाडीच्या निम्म्याहून कमी गोलाई मी तरी चालवून घेत नाही.

चोच आणि पुढचा भाग यांत ०.३ मिमी फट ठेवा. त्याहून कमी ठेवली तर छापताना दोन्ही एकमेकांना चिकटतात.

आकडे: हात किती लांब, किती जाड

वाकणाऱ्या हाताच्या मुळाशी येणारा स्ट्रेन, म्हणजे प्लास्टिक मूळ लांबीच्या मानाने किती ताणलं जातं ते, असा काढतात:

स्ट्रेन = (३ × जाडी × वाक) ÷ (२ × लांबी × लांबी)

आणि टोकाशी लागणारं बल:

बल = (३ × ई × आय × वाक) ÷ (लांबीचा घन)

यात आय म्हणजे रुंदी गुणिले जाडीचा घन, भागिले १२. ई म्हणजे यंग्ज मॉड्युलस, पदार्थाच्या ताठपणाचं माप. पीईटीजी आणि पीएलए ही थ्री-डी प्रिंटरवरची दोन नेहमीची प्लास्टिकं. छापलेल्या पीईटीजीसाठी साधारण २००० मेगापास्कल धरा, पीएलएसाठी ३००० च्या आसपास. लांबी मुळापासून चोचीपर्यंतची.

जीन्सचा काठ घेऊ, २.८ मिमी. फट ०.३ असल्यामुळे हात अडीच मिमी वाकतो. हात ४० मिमी लांब, १५ मिमी रुंद, २ मिमी जाड, पीईटीजीचा. बल येतं २.३ न्यूटन, म्हणजे जवळपास २४० ग्रॅमचा दाब. स्ट्रेन ०.४७ टक्के. आता जाडी फक्त अर्ध्या मिमीने वाढवून अडीच करा. बल ४.६ न्यूटन, दुप्पट. स्ट्रेन मात्र ०.५९ टक्क्यांवरच. जाडीचा घन काय करतो ते इथे दिसतं. हे गणित स्वतः वहीत करून बघा, कारण व्हायवामध्ये पहिला प्रश्न याच जागी येतो: «अडीचच का? तीन का नाही?»

दाबावरून पकड काढायची तर घर्षण हवं. कापड आणि प्लास्टिक यांचा घर्षणांक ०.३ धरला, दोन्ही बाजू मोजल्या, तर ४.६ न्यूटनच्या दाबावर २.७ न्यूटनपर्यंतचं ओझं टिकतं, म्हणजे पावणेतीनशे ग्रॅम. किल्ल्यांचा जुडगा शंभर ग्रॅमचा. पकड त्याच्या अडीचपटीहून जास्त, म्हणजे जिने उतरताना बसणाऱ्या हिसक्यांसाठी पुरेशी शिल्लक राहते. चोच शिवणीच्या खाली जाऊन अडकते, त्याचा आधार वेगळा.

वारंवार वाकणाऱ्या भागासाठी पीईटीजीचा स्ट्रेन मी १ टक्क्याच्या आत ठेवायला सांगतो, पीएलएचा अर्ध्या टक्क्याच्या. एकदाच वाकवायचं असेल तर दोन्ही प्लास्टिक याहून जास्त सोसतात, पण क्लिप रोज दहा वेळा उघडते.

आता हीच क्लिप शर्टाच्या खिशाला लावा. कापड ०.८ मिमी, म्हणजे वाक जेमतेम अर्धा मिमी. दाब एक न्यूटनच्याही खाली येतो आणि क्लिप घसरते. «क्लिप सैल झाली» म्हणून मुलं हात आणखी बारीक आणि लवचीक करतात, आणि पकड अजूनच जाते. पातळ कापडाला उलट आखूड आणि जाड हात लागतो. लांबी ३० मिमी, जाडी ३ मिमी केली की अर्ध्या मिमीच्या वाकालाही पावणेचार न्यूटन मिळतात.

पण ही पातळ कापडाची क्लिप कुणी जीन्सला लावली तर? स्ट्रेन सव्वा टक्का, दाब एकोणीस न्यूटनच्या जवळ. पहिल्या दिवशी मोडणार नाही. पंधरा दिवसांत मुळाशी पांढरी रेघ दिसेल आणि मग मोडेल. म्हणून दोन मापं करायची आणि मागच्या बाजूला हाताला लागेल अशी खूण ठेवायची: पातळ कापडाला एक ठिपका, जाडला दोन. पुढचा भाग आणि खाच दोन्ही मापांत तीच, बदलतो फक्त मागचा हात. त्यामुळे कोणतीही पाटी कोणत्याही क्लिपेत बसते.

सूत्र मूळ पूर्ण ताठ धरतं. प्रत्यक्षात वळणही थोडं वाकतं, त्यामुळे खरा दाब गणितापेक्षा कमी भरतो. तो फरक लपवू नका, मोजून अहवालात लिहा. आणखी एक सुधारणा हाताशी आहे: हात मुळाशी पूर्ण जाड ठेवून टोकाकडे निम्म्यापर्यंत निमुळता केला, तर तेवढ्याच स्ट्रेनमध्ये तो साधारण दीडपट वाकू शकतो. दुसऱ्या आवृत्तीसाठी ती राखून ठेवा.

काय बदलू द्यायचं, काय नाही

या प्रोजेक्टमध्ये माझं सगळ्यात ठाम मत इथे आहे. वापरणाऱ्याला हवं ते बदलता यावं, पण स्प्रिंगला हात लावता येऊ नये. नाव कोरण्यासाठी मागच्या हातात खड्डे पाडलेत की प्रत्येक अक्षर एक नवं मूळ तयार करतं, आणि «र» असलेली क्लिप टिकते, «क्ष» असलेली मोडते, अशी गत होते. म्हणून क्लिप आणि पाटी वेगळी. क्लिपेचं गणित एकदाच करायचं, पाट्या हव्या तेवढ्या छापायच्या.

सॉफ्टवेअरमध्येही तीच शिस्त. फ्रीकॅड या कॅडच्या, म्हणजे संगणकावर आकृती काढायच्या, सॉफ्टवेअरमध्ये स्प्रेडशीट उघडा आणि कापडाची जाडी, हाताची लांबी, हाताची जाडी, रुंदी, खाचेची सूट (पाटीभोवतीची मोकळी जागा) अशी पाच-सहा नावं देऊन मापं तिथून जोडा. ओपनस्कॅड हे दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तर मापं बदलायची कस्टमायझरची पट्टी तयारच मिळते. वापरणाऱ्यासमोर दोनच प्रश्न ठेवा: कापड पातळ की जाड, आणि पाटीवर काय. बाकी सगळं त्या उत्तरावरून ठरू द्या.

पाटी ३० मिमी लांब, १४ मिमी रुंद, २ मिमी जाड. दोन्ही टोकांना डव्हटेलची तिरकी कड, खाली रुंद आणि वर निमुळती, म्हणजे बेडवर सपाट छापली तरी कुठेही अधांतरी भाग येत नाही. क्लिपेची रुंदी १५, पाटीची १४: खाचेचा तळाचा १ मिमी बंद ठेवा म्हणजे पाटी एका बाजूने शिरते आणि दुसऱ्या बाजूने निघून जात नाही. खाचेत दर बाजूला किती सूट ठेवायची हे प्रिंटरगणिक बदलतं. क्लिपेआधी एक छोटी पट्टी छापा, तिच्यात ०.१, ०.१५, ०.२, ०.२५, ०.३ मिमी सुटीच्या पाच खाचा. अंगठ्याने दाबल्यावर सरकते पण हलवल्यावर पडत नाही ती खाच निवडा. बहुतेक वेळा ०.२ च्या आसपास उत्तर मिळतं.

पाटीवर देवनागरी

हा भाग मला फार आवडतो, कारण आपल्या लिपीचा इथे सरळ फायदा होतो. नुसतं नावच कापून काढायचं असेल तर रोमन अक्षरं सुटी पडतात, प्रत्येकाला वेगळा आधार द्यावा लागतो. देवनागरीत शिरोरेघ सगळ्यांना धरून ठेवते. «वैशाली» हे अख्खं नाव एका तुकड्यात निघतं. अनुस्वार तेवढा सुटा राहतो, त्याची सोय पाटीने होते.

अडचण आहे ती जोडाक्षरांची. काही कॅड सॉफ्टवेअरमध्ये «ज्ञानेश्वर» टाइप केलं की अक्षरं फुटतात, «विनायक»मधली वेलांटी भलत्याच बाजूला जाते. खात्रीचा रस्ता असा: इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव लिहा, अक्षरांचं पाथमध्ये (बाह्यरेषांमध्ये) रूपांतर करा, सगळे आकार एकत्र जोडा, एसव्हीजी म्हणून साठवा आणि ती फाईल कॅडमध्ये आणा. फॉन्ट जाड हवा. मुंबईच्या «एक टाइप» या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा «बलू» हा फॉन्ट मला यासाठी योग्य वाटतो. रेघा भरदार आहेत आणि तो मुक्त परवान्याखाली मिळतो. फॉन्टमधले ल आणि श मराठी वळणाचे आहेत ना, तेही बघा. ज्याच्या नावात ल आहे त्याला फरक लगेच दिसतो.

०.४ मिमीच्या नोझलने (प्लास्टिक सोडणाऱ्या तोटीने) छापताना कोणतीही रेघ ०.८ मिमीपेक्षा बारीक नको. अनुस्वाराचा ठिपका निदान १ मिमीचा. अक्षरं ०.६ मिमी वर उठलेली, म्हणजे ०.२ च्या तीन थरांची. पाटी छापून झाली की तिथे प्रिंटर थांबवायचा, दुसऱ्या रंगाचं फिलामेंट (प्रिंटरला लागणारी प्लास्टिकची तार) घालायचं, आणि फक्त अक्षरं वेगळ्या रंगात उमटतात. आकृतीचे थर पाडून प्रिंटरला देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे स्लायसरमध्ये, त्या थरावर विराम टाकता येतो.

क्लिप उभी लटकते, त्यामुळे लांब नाव पुस्तकाच्या कण्यावरच्या नावासारखं उभं वाचावं लागतं. मोठं एक अक्षर आणि खाली खूण ठेवली तर सरळ वाचता येतं. रक्तगट लिहिणं उपयोगाचं आहे. मोबाईल नंबर मात्र लिहू नका. लोकलच्या गर्दीत तो सगळ्यांना दिसतो. वर्गात कुणी दृष्टिहीन मित्र असेल तर त्याच्यासाठी ब्रेलची पाटी करा: ठिपक्यांत अडीच मिमी अंतर, उंची अर्धा मिमी. दहा सारख्या सॅकमधून आपली सॅक बोटाने ओळखता येते. क्लिप बदलण्यामागचं याहून चांगलं कारण मला माहीत नाही.

कोणतं प्लास्टिक, कसं छापायचं

पीएलए छापायला सोपं, म्हणून पहिले नमुने त्याचेच करा. पण अखेरची क्लिप पीएलएची नको. एक तर साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडतं. मे महिन्यात अकोल्याला किंवा नागपूरला उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर क्लिप ठेवली तर ती वाकडी होणार. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. सतत ताणाखाली ठेवलं की पीएलए हळूहळू त्याच आकाराला सरावतं आणि पकड सोडतं. पीईटीजी ऐंशी अंशांपर्यंत तग धरतं आणि मोडण्याआधी वाकतं. लेझरने कापलेल्या ॲक्रिलिकच्या क्लिपा दिसतात छान, पण ॲक्रिलिक ठिसूळ आहे. वाकणाऱ्या हातासाठी ते घेऊ नका.

आता त्या मोडलेल्या क्लिपांकडे परत येऊ. प्रिंटर वस्तू थरांनी बांधतो. थराच्या आतलं प्लास्टिक सलग असतं, दोन थरांमधला जोड कमजोर. क्लिप उभी छापली की हाताचे थर आडवे पडतात, विटांच्या भिंतीसारखे, आणि वाकताना मुळाशी नेमका एक जोड उघडतो. तीच क्लिप आडवी छापली, म्हणजे यूची आकृती बेडवर सपाट, की प्रत्येक थरात प्लास्टिकची तार मुळापासून टोकापर्यंत वळण घेऊन सलग जाते. बांबूची कामटी तंतूंच्या दिशेने कापल्यावर वाकते, आडवी कापली की तुटते, तसंच हे.

स्लायसरमध्ये भिंती, म्हणजे कडेने सलग जाणाऱ्या प्लास्टिकच्या रेघा, चार ठेवा. ०.४ च्या नोझलने एका भिंतीची रुंदी ०.४२ च्या आसपास येते, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मिळून आठ भिंतींत ३.३ मिमीपर्यंतचा हात पूर्ण भरतो आणि आत जाळी उरत नाही. थर ०.२ मिमी. पहिला थर बेडवर थोडा पसरतो, त्यामुळे खालच्या कडेला ०.४ मिमीचा चॅम्फर (तिरका काप) द्या, नाहीतर चोचीची फट तिथेच बुजते.

पावसाळ्यात हे काम करणाऱ्यांसाठी खास सूचना. पीईटीजी हवेतला ओलावा ओढतं. नोझलमधून चटचट आवाज येत असेल, क्लिपेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे येत असतील, तर फिलामेंट ओलं आहे. ६५ अंशांवर चार ते सहा तास ड्रायरमध्ये वाळवा, आणि सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कोकणात तर जून ते सप्टेंबर हे न करता छापूच नका. ओल्या फिलामेंटची क्लिप दिसायला जवळपास तशीच दिसते, पण थरांमध्ये बुडबुडे राहतात आणि तुमच्या गणिताला काही अर्थ उरत नाही.

एका क्लिपेला पाटीसकट साधारण ७ ग्रॅम प्लास्टिक लागतं. हजार रुपये किलोचा भाव धरला तर सात रुपये. तेव्हा नमुने छापताना हात आखडू नका. दहा-बारा आवृत्त्या होणारच.

चाचणी: बाटली, कागद आणि पंधरा दिवस

यंत्राची गरज नाही. पकड मोजायला जीन्सच्या कापडाची पट्टी टेबलाच्या काठावरून खाली सोडा, तिला क्लिप लावा, कडीला रिकामी बाटली टांगा. मापपात्राने पन्नास-पन्नास मिलिलिटर पाणी ओतत जा. क्लिप घसरली त्या क्षणी बाटलीत किती पाणी होतं ते लिहा. एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम, बाटलीचं वजन वेगळं मिळवा. पाच क्लिपा, प्रत्येकी तीन वेळा. गणितातल्या पावणेतीनशे ग्रॅमशेजारी हे आकडे मांडले की अहवालात दुसरं काही सजवावं लागत नाही.

सैल होण्याची चाचणी मुलं टाळतात, कारण तिला दिवस लागतात. आधी चोचीची फट मोजा. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा संच) नसेल तर झेरॉक्सचे कागद वापरा. ८० जीएसएमचा एक कागद जवळपास ०.१ मिमीचा असतो. किती कागद अडकून राहतात ते मोजा, मग क्लिप २.८ मिमीच्या पुठ्ठ्यावर लावून आठवडाभर ठेवा. काढल्यावर तासाभराने पुन्हा मोजा. पीएलए आणि पीईटीजी शेजारी शेजारी ठेवून ही चाचणी करा आणि एक जोडी उन्हात, गच्चीवर ठेवा. तीन कागदांची फट आठ कागदांची झाली, हे वाक्य परीक्षक विसरत नाहीत.

मग उघडझाप. एकाने मोजायचं, दुसऱ्याने पाचशे वेळा लावायची-काढायची. दर शंभरला मुळाशी भिंगातून बघा. पांढरट डाग आला तर तडा सुरू झाला.

हे सगळं वहीत तारखेनिशी लिहा, आणि मोडलेल्या क्लिपा फेकू नका. प्रत्येकीवर मार्करने आवृत्तीचा आकडा आणि मोडायचं कारण लिहून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. ड्रॉइंग काढताना पहिल्या कोनाचं प्रक्षेपण, मापं मिलिमीटरमध्ये, आणि वाकणाऱ्या हाताच्या जाडीला टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, नक्की लिहा. बाकीच्या मापांना सगळीकडे टॉलरन्स लिहून कागद भरू नका. पुढेमागे या आकाराची नोंदणी करायची इच्छा असेल तर २००० च्या डिझाइन कायद्याखाली अर्ज करता येतो, पण तो आकार कुठेही प्रसिद्ध करण्याआधी. फोटो टाकून मग अर्ज करायला गेलात तर उशीर झालेला असतो.

शेवटची चाचणी लोकांची. ज्या वीस जणांचे खिसे मोजले होते त्यांनाच क्लिपा द्या, त्यांच्या पाटीसकट. काही सांगू नका, कशी लावायची तेही नाही. पंधरा दिवसांनी परत मागा. कोण कुठे लावून आलं ते बघा, कोणाच्या किल्ल्या पडल्या ते विचारा, एक ठिपक्याची क्लिप कोणी जीन्सला लावली का ते तपासा. गेल्या वर्षी एका गटाने अशा क्लिपा वाटल्या होत्या. त्यातली एक कॉलेजच्या कँटीनमधल्या मावशींकडे गेली. त्यांनी ती साखरेच्या पिशवीच्या तोंडाला लावली होती, आणि पाटीच्या खाचेत कागदाचा तुकडा सरकवून त्यावर «साखर» लिहिलं होतं. मुलांनी दुसऱ्याच दिवशी खाचेच्या काठाला पारदर्शक झाकणाची सोय केली आणि हात ६० मिमी लांबीचा करून तिसरं माप काढलं. मावशींनी त्याच्या सहा क्लिपा मागितल्या, चहा, साखर, रवा, पोहे, शेंगदाणे आणि मीठ.